चावली की गिळली?

सरांच्या घरात कॉफी कधीच नसायची. तरी दारात आलेल्या प्रत्येक माणसाला ते विचारायचे, "चहा की कॉफी?" नवखा माणूस कॉफी म्हणाला की ते खूष होऊन सांगायचे, "चूक!" आणि आत ओरडायचे, "अवं, एक चहा ठेव!"

मी खोली बघायला गेले तेव्हा मीही कॉफीच म्हणाले होते. उमरेडहून एस.टी.चे धक्के खात आलेली मी, कोष्ट्याची, विणकराची पोर. नागपूरच्या शाळेत विज्ञान शिकवायची नवी नोकरी लागलेली. प्रोफेसराच्या घरी चहा मागितला तर गावंढळ वाटेल, असं मला वाटलं. चुकले. पण त्या चुकीवरच मला वरची खोली मिळाली. माझ्या आधी एक मुलगी 'चहा' म्हणून गेली होती, तिला सरांनी नकार दिला. "ती अंदाजानं बरोबर आली. अशा माणसांचा भरवसा नाही," हे त्यांचं कारण.

सर कॉलेजात जीवरसायन शिकवायचे. हुडकेश्वर रोडला तेव्हा नुकतं नवं ले-आऊट पडलं होतं. दहा प्लॉटमागे एक घर, बाकी सगळीकडे रान माजलेलं. लोकांनी शहरातली सोय सोडून इथं येऊन का राहावं? पाणी नाही, ऑटो नाही. पण सरांनी प्लॉट पाहिला तोच मुळी त्या रानासाठी. चारी बाजूंना पुरुषभर उंच एरंडी आणि कुंपणांवर गुंजेचे वेल. त्यांचा जन्मभराचा अभ्यास या दोन झाडांच्या विषाचा. माणूस बायकोचं माहेर जवळ बघतो, यांनी विष जवळ बघितलं. वस्तीत त्यांना सगळे 'भैताड मास्तर', म्हणजे खुळे मास्तर, म्हणत. तोंडावर 'सर', पाठ वळली की भैताड. मीही म्हणायचे, खोटं कशाला सांगू.

त्यांच्या प्रश्नांना कायम दोनच उत्तरं असायची. दूधवाल्याला रोज विचारायचे, "आज दुधात पाणी घातलं की पाण्यात दूध?" तो बिचारा पहिल्या महिन्यात शपथा घ्यायचा, मग नुसता "दुधात पानी, सर" म्हणून मापं ओतू लागला. परीक्षेतही तेच. दोन पर्याय, उचल एक. मी एकदा विचारलं, "सर, असं का?" तर म्हणाले, "पोराला मोकळा प्रश्न विचारला की ते शेतभर पळतं. दोनच दारं ठेवायची. कुठल्या तरी दारातून येतंच."

"आणि त्याला खिडकीतून यायचं असलं तर?"

"खिडकी बंद ठेवायची."

या नियमाला जन्मात एकच माणूस पुरून उरलं, ते म्हणजे काकू. मुलगी बघायला गेले तेव्हा सरांनी पोहे खाता खाता विचारलं होतं, "गणित आवडतं की भूगोल?" काकू म्हणाल्या, "मले स्वयंपाक नाई आवडत, हे आधीच सांगून ठेवतो." मोठ्या माणसांची तोंडं उतरली. सरांनी मात्र तिथंच होकार दिला. तीस वर्षांनीही ते ही गोष्ट सांगत आणि काकू आतून म्हणत, "अन् तरी रोज मीच करून राहिली स्वयंपाक!"

मे महिन्यात सर खिशात कांदा ठेवत. ऊन लागू नये म्हणून. विज्ञानाचा माणूस आणि खिशात कांदा! मी हसले तर म्हणाले, "पुरावा नाही. पण कांदा आहे." कॉलेजात खिशातून पेन काढायला जात आणि कांदा काढून सही करायला बसत, असं त्यांची मुलं सांगायची.

पण मुख्य गोष्ट म्हणजे त्यांच्या व्हरांड्यातली बरणी.

गुंज तुम्ही पाहिली असेलच. लालभडक, टोकाला काळा ठिपका, इतकी देखणी की मुठीत घ्यावीशी वाटते. वस्तीतली पोरं त्या वेचून खेळायची. सरांनी ते पाहिलं आणि त्यांचा जीव खालीवर झाला. मग त्यांनी एक कायदा काढला. कोणालाही, कुठंही गुंज दिसली तर खिशात ठेवायची नाही, तोंडात घालायची नाही, थेट सरांच्या बरणीत आणून टाकायची. एका गुंजेला एक पेपरमिंटची गोळी. बरणीचं तोंड अरुंद. आत गेलेली गुंज पोरांच्या हाताला लागत नसे.

पंधरा दिवसांत वस्तीतल्या गुंजा संपल्या. पण बरणी काही भरायची थांबेना. सर चक्रावले. मग एके दिवशी कोपऱ्यावरचा म्हातारा सोनार धोतराचा सोगा सावरत आला. तो अजून नथ, मणी गुंजांनी तोलायचा. पोरांनी त्याच्या ताजव्याशेजारची वाटीच साफ केली होती.

"मास्तर, माह्या गुंजा द्या वापस. धंदा बसला माहा."

"तुम्हाला कल्पना आहे का, तुम्ही विषानं सोनं तोलता?"

"चाळीस वर्षं झाले, मास्तर. अजून सोनं मेलं नाई."

सरांनी गुपचूप वाटीभर गुंजा परत केल्या आणि सोनाराला एक गोळीही दिली.

दर रविवारी सकाळी व्हरांड्यात पोरांची शाळा भरायची. सर गुंज चिमटीत धरून सांगायचे, "हिचं कवच टणक असतं. अख्खी पोटात गेली तर बहुतेक वेळा जशीच्या तशी बाहेर पडते. पण कवच फुटलं, दातानं चावली, की खेळ खलास. तर कुणाकडून चूक झालीच, तर कोणती बरी? चावली की गिळली?" पोरं एका सुरात ओरडायची, "गिळलीऽऽ!" सर म्हणायचे, "शाब्बास!" पहिल्या रांगेत बसून सगळ्यात मोठ्यानं ओरडायची ती गुड्डी.

गुड्डी शेजारच्या लाईनमनची पोर. चार वर्षांची, नाक कायम वाहतं, आणि तोंड त्याहून जास्त. सरांना मूलबाळ नव्हतं. गुड्डी दिवसभर त्यांच्याकडेच असायची. तिचे वडील विजेच्या खांबांवर चढणारे, तोलूनमापून बोलणारे गृहस्थ. सरांचा भैताडपणा त्यांना पसंत नव्हता, पण पोर तिथं सुखात असते म्हणून गप्प बसायचे.

विष नेमकं करतं काय, हे सर ऐकणाऱ्याच्या धंद्याप्रमाणे समजावत. मला त्यांनी हातमागाचं उदाहरण देऊन समजावलं. माझे बाबा उमरेडहून मला भेटायला आले होते, तेही पायरीवर बसून ऐकत होते.

"शरीराच्या एकेका पेशीत असे लाखो माग असतात," सर म्हणाले. "त्यांवर रात्रंदिवस प्रथिनं विणली जातात. शरीर त्याच कापडाचं. गुंजेचं विष सूत जाळत नाही, विणकराला हात लावत नाही. आत शिरतं आणि मागाची एक खिळी उपटतं. एकच. माग बंद. मग पुढच्या मागाकडे. स्वतः मात्र शाबूत! एक कण शिरला तर अख्खी पेशी बंद पाडतो. एरंडीच्या बीचंही हेच. घटसर्पाच्या विषात माग चांगला राहतो, सूत नेणारा धोटा अडतो. पण कापड नाही ते नाहीच."

"कोणती खिळी?" मी विचारलं.

"ते अजून कोणालाच नीट कळलेलं नाही," सर असे म्हणाले जणू खिळी त्यांच्याच हातून हरवली होती.

बाबा बोटांवर मोजू लागले. "म्हंजे सूत हाय, माग हाय, मानूस बसला हाय, पन कापड नाई?"

"अगदी बरोबर!"

"आमच्या उमरेडले मिलच्या लुगड्यानं हेच केलं, मास्तर. जहर नाई लागलं."

सर उठले, बाबांचा हात धरला आणि काकूंना म्हणाले, "यांना चहा दे." कॉफीचं विचारलंही नाही. इतका मान मी त्या घरात दुसऱ्या कोणाला मिळालेला पाहिला नाही.

आता पोळ्याची गोष्ट सांगते. नागपूरकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो. पोरं लाकडाचे नंदी सजवून, दोरीनं ओढत घरोघर नेतात, आणि घरोघरी त्यांना बोजारा म्हणून खाऊ मिळतो. त्या वर्षी गुड्डीचा नंदी जुना होता, कोणा मामाकडून आलेला, आणि त्याचे दोन्ही डोळे पडून गेलेले. डोळ्यांच्या जागी नुसत्या दोन खोबणी.

गुड्डी नंदी काखेत मारून आली. "आजोबा, याले डोळ्याले गुंजा पाह्यजे."

"गुंज मिळणार नाही. कागदाचे डोळे हवेत की खडूचे?"

गुड्डीनं दोन्हींकडे पाहिलंच नाही. ती नंदीच्या खोबणीत बोट घालून म्हणाली, "याले दिसत नाई, आजोबा. हा पडून जाईन."

संपलं! ज्या माणसानं पोरांच्या हातून शेकड्यांनी गुंजा सोडवल्या, तो कपाटातून दोन टपोऱ्या गुंजा घेऊन बसला. सुई लाल तापवून प्रत्येक गुंजेला आरपार छिद्र पाडलं, बारीक टाचणी ओवली आणि नंदीच्या खोबणीत ठोकली. ठोकताना सगळा वेळ भाषण. हे डोळे काढायचे नाहीत, चाटायचे नाहीत, नंदीला आंघोळ घालायची नाही. काकू म्हणाल्या, "इतकं सांगून राहिले, तं देता काहून?" पण नंदीला डोळे आले आणि तो खरंच बघायला लागला. मला मान्य करावं लागेल, वस्तीत तसा नंदी दुसरा नव्हता.

तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गुड्डीच्या आईची किंकाळी ऐकू आली. आम्ही धावलो. नंदी ओट्यावर उभा, एक डोळा जागेवर, दुसऱ्या खोबणीत नुसती डोकं तुटलेली टाचणी. गुड्डी शेजारी बसून मुरमुरे खात होती.

सर गुडघ्यावर बसले. आवाज शांत. "गुड्डी, डोळा कुठं गेला? चावली की गिळली?"

गुड्डीनं त्यांच्याकडे पाहिलं आणि ठणठणीत आवाजात सांगितलं, "गिळली!"

"शाब्बास!" सर म्हणाले. खरंच म्हणाले. तिच्या आईला समजावलं, घाबरायचं कारण नाही, अख्खी आहे, उद्यापर्यंत पडून जाईल. लाईनमनभाऊ ड्युटीवर निघाले होते, त्यांना फाटकापर्यंत सोडत सगळं शास्त्र सांगितलं. घरी येऊन पायावर पाय टाकून चहा मागितला.

कप तोंडाशी गेला आणि तिथंच थांबला. ते समोरच्या फळीकडे बघत होते. फळीवर सुई होती.

सरांची पुस्तकी मराठी तब्येत ठीक असेपर्यंतच टिकायची. घाबरले की त्यांचं गाव बाहेर यायचं. "छिद्र," ते म्हणाले. "म्या छिद्र पाडलं नं तिले! कवच कुठी राह्यलं मंग?"

चहा लुंगीवर सांडला. भाजलं तेही त्यांना कळलं नाही. अनवाणी पळत गेले, मुरमुऱ्यांसकट गुड्डीला उचललं आणि रस्त्यावर पहिला दिसला तो सायकलरिक्षा धरला. मागच्या रिक्षात मी आणि तिची आई. आई रडत होती आणि पुढच्या रिक्षातून गुड्डी वळून वळून आम्हाला हात करत होती.

दवाखान्यात नळी घालून पोट धुतलं. गुंज निघाली नाही. तरुण डॉक्टरांनी सरांना बाजूला घेतलं. "सर, यावर उतारा काय?"

"नाही," सर म्हणाले. "यावर औषध नाही. वाट बघायची."

"किती?"

"तीन दिवस."

बाकावर बसून त्यांनी मला सांगितलं, आणि या वेळी बोट नाचवत नाही, जमिनीकडे बघत. "विषाला घाई नसते. माग बंद पडले तरी घरात आधी विणलेलं कापड असतं. ते फाटेपर्यंत पोर हसते, खेळते. आज चांगली दिसते याचा काही अर्थ नाही, पोरी. उद्या दिसली पाहिजे. परवा दिसली पाहिजे."

आणि गुड्डी तर फारच चांगली दिसत होती. नळीचं रडणं ओसरल्यावर तिनं खिचडी खाल्ली, शेजारच्या खाटेवरच्या आजीचं केळं खाल्लं आणि नर्सबाईंना पोळ्याचं गाणं म्हणून दाखवलं. तिनं ढेकर दिला तरी सर उभे राहत. शिंकली तर डॉक्टरांना हाक. गुड्डीनं भांड्यावर बसायचा अवकाश, की कॉलेजातले ज्येष्ठ प्रोफेसर हातात चिमटा आणि नाकाला रुमाल लावून हजर. वॉर्डातल्या बाया पदरात तोंड घालून हसायच्या. मलाही हसू यायचं, आणि लगेच स्वतःचाच राग यायचा.

पहिल्या संध्याकाळी लाईनमनभाऊ आले तेव्हा सर त्यांच्यासमोर उभे राहिले. "भाऊ, गुंज अख्खी नव्हती. छिद्र मी पाडलं होतं. आणि मीच सकाळी 'शाब्बास' म्हणालो."

भाऊंनी हातातली पक्कड खिशात घातली. मग म्हणाले, "मी खांबावर चढाच्या आधी लाईन बंद आहे का नाई, ते सोता पाह्यतो मास्तर. कोनी 'बंद आहे' म्हनलं तरी पाह्यतो." आणि पाठ फिरवून पोरीच्या खाटेकडे गेले. त्यानंतर तीन दिवस ते सरांशी एक शब्द बोलले नाहीत. सर खाटेच्या पायथ्याशी, ते उशाशी. मध्ये गुड्डी, दोघांनाही आळीपाळीनं गाणं म्हणून दाखवणारी.

या तीन दिवसांत सरांनी कोणाला एकही प्रश्न विचारला नाही. दूधवाला आला तेव्हा मी घरी होते. त्यानं काकूंना विचारलं, "सर इचारत नाई आज? पानी घातलं की..." आणि काकूंना रडू फुटलं. मी त्यांना पहिल्यांदाच रडताना पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळे वॉर्डात होतो. डॉक्टर नाडी बघून नुकतेच गेले होते. गुड्डी कंटाळून उलटीपालटी होत होती. एकाएकी ती उठून बसली.

"आजोबा, माही गोळी राह्यली नं."

"थांब बाळा, औषधाची गोळी संध्याकाळी."

"ते नाई! पेपरमिंटची! गुंज टाकली त्याची."

सर हळूच म्हणाले, "कुठं टाकली, गुड्डी?"

"बरनीत!" या म्हाताऱ्याला साधं कळत नाही, असा तिचा चेहरा. "नंदीचा डोया पडला तं मी बरनीत टाकला. तुमी झोपले होते. मंग गोळी देल्लीच नाई."

"मग गिळली म्हणालीस ती?"

"तुमी इचारलं नं, चावली की गिळली. मी बरोबर सांगतलं." आणि मग जरा विचार करून, "तुमी शाब्बास पन म्हनले. मंग नळी काहून टाकली मले?"

पहिल्या उठल्या त्या काकू. "चला," त्या म्हणाल्या, "पोरीच्या बोलन्यावर नाई, डोळ्यानं पाहू." लाईनमनभाऊंनी मान हलवली.

घरी व्हरांड्यात काकूंनी सूप मांडलं आणि बरणी उपडी केली. शेकडो गुंजा. सर भिंग घेऊन बसले, पण तीच ती गुंज तीनतीनदा उचलून बघत होते. शेवटी मी आणि काकू एकेक गुंज उजेडात धरून बघू लागलो. ही अख्खी. हीपण अख्खी. तेवढ्यात काकूंनी एक गुंज बोटांत धरली, उन्हाकडे केली आणि तिच्यातून सुईएवढा उजेड पलीकडून आला.

"हे घ्या," त्या म्हणाल्या. "तुमचं छिद्र."

सर पायरीवर बसले आणि ढसाढसा रडले. पोरीनं त्यांनी शिकवलेलं सगळं तंतोतंत केलं होतं. गुंज सापडली, बरणीत टाकली. परीक्षेत विचारलं, बरोबर उत्तर दिलं. "मी तिला दोनच दारं ठेवली," ते म्हणत होते, "अन् ती बिचारी एकातून आली."

या दिवसानंतर सरांच्या प्रश्नांना शेपूट फुटलं. "चहा, कॉफी, की तिसरंच काही?" कॉलेजातली मुलं हैराण झाली. दोनांत एक ठोकून द्यायची सोय गेली. बऱ्याच वर्षांनी, सरांच्या शेवटच्या आजारात मी काटोलहून भेटायला गेले, तिथं माझी बदली झाली होती. डॉक्टर विचारत होते, "सर, दम चालताना लागतो की झोपल्यावर?" सरांनी मान हलवली. "डॉक्टर, तिसरं विचारा." डॉक्टर गोंधळले. काकू दारातून म्हणाल्या, "तिसरं मी सांगतो. बोलताना लागते. पन बंद कुठी करून राहिले!" सर हसले, आणि खरंच दम लागला. त्याआधीच, धापा टाकत का होईना, त्यांनी मला बातमी दिली होती. मागाची ती खिळी कुठंतरी लांब कोणालातरी सापडली होती. लाखो मागांपैकी प्रत्येकातली तीच, नेमकी एकच. लग्न ठरल्यासारखे ते सांगत होते.

पण त्या पायरीवरच्या संध्याकाळचं सांगायचं राहिलंच. दिवेलागणीला गुड्डी घरी आली. तिनं सरांकडून आपली गोळी घेतली. सर अख्खा डबाच देत होते, पण तिनं मोजून एकच घेतली, एका गुंजेला एक. मागोमाग लाईनमनभाऊ फाटकात येऊन उभे राहिले. सर चटकन उठले. माफी मागायला पुढे झाले. तीन दिवस त्या माणसानं त्यांच्याकडे पाहिलं नव्हतं.

भाऊंनी फाटकावरची कडी दोनदा वरखाली केली. मग म्हणाले, "मास्तर, आमच्या घरी चहा घेता, की जेवन करता?"

सरांनी काकूंकडे पाहिलं. काकूंनी गुंजांचं सूप बाजूला ठेवलं, हात पदराला पुसले आणि म्हणाल्या, "दोन्ही. मले आज स्वयंपाक करायचा नाई."